नोकरीतला भेदभाव : कायदा आहे, कागद कुठे आहे?

नोकरी लागली की विटाळ संपला, असे आपल्या आजोबांच्या पिढीला वाटत असे. गावकीची कामे सुटली, महिन्याचा पगार हाती आला, लेकरे शाळेत गेली. बाबासाहेबांनी दाखवलेल्या वाटेने आपला समाज गिरणीत, रेल्वेत, कारखान्यात, कचेरीत पोचला. ही काही लहान गोष्ट नव्हे. परंतु विहिरीवरचा भेदभाव कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबला, असे मात्र झाले नाही. त्याने फक्त कपडे बदलले. पूर्वी तो तोंडावर बोलत असे. आता तो हजेरीपटात, कामाच्या वाटपात, बढतीच्या यादीत आणि गोपनीय अहवालात लपून बसतो.

आमचे शहापूर महामार्गावरचे गाव. शेजारी जवाहरनगरची आयुध निर्माणी, पलीकडे भंडारा शहर. सकाळ झाली की कोणी निर्माणीत जातो, कोणी कचेरीत, कोणी ठेकेदाराच्या कामावर, तर आपल्या आयाबहिणी धानाच्या बांधीत. काही घरी बसून विड्या वळतात. संध्याकाळी जेवताना ज्या गोष्टी निघतात त्या सर्वांच्याच ओळखीच्या आहेत. ‘मोरी तुंबली की मलाच हाक.’ ‘माझ्या मागून लागलेला पर्मनंट झाला.’ ‘बाईमाणूस म्हणून मजुरी कमी.’ ‘साहेब जातीवरून बोलले, पण केबिनमध्ये.’ सारे ऐकून घेतात आणि शेवटी कोणीतरी म्हणते, ‘जाऊ द्या, नोकरी टिकली पाहिजे.’ हे ‘जाऊ द्या’ फार महाग पडते. त्याऐवजी काय करता येते, ते आज पाहू.

धोट्याचा विटाळ

आधी थोडा इतिहास, कारण तो आपल्याच घरातला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपले हजारो लोक कामाला होते. पण साचा खात्यात, म्हणजे जेथे कापड विणले जाई तेथे, त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धोटा आपल्या तोंडाला लागला तर बाटू, म्हणून सवर्ण कामगार आपल्या माणसाला त्या खात्यात येऊ देत नसत. आणि पगार जास्त कुठे? त्याच खात्यात! विटाळ तोंडाचा, फटका पोटाला.

१९२८ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. एप्रिलमध्ये सुरू झालेला संप ऑक्टोबरपर्यंत चालला. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले, की अस्पृश्य कामगारांचा साचा खात्यातला हक्क तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आम्ही आमच्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगू. पुढाऱ्यांनी नाखुशीने तो विषय मालकांपुढे ठेवला. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे! म्हणजे मालकाने कामगारांकडे बोट दाखवायचे, कामगारांनी रूढीकडे, आणि बंदी मात्र जागच्या जागी.

पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तेथे सांगितले, ते आपल्या घराघरात ठाऊक आहे. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतल्या भेदभावाचा बारीक हिशोबही मांडला होता, तो फारसा कोणी सांगत नाही. आपला माणूस जन्मभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टर करीत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि घरात आपला माणूस चालत नाही. रेल्वेच्या वर्कशॉपमध्येही तो कारागिराच्या जागेवर क्वचितच पोचतो. असा हिशोब बाबासाहेबांनी मांडला.

त्या काळी या अन्यायावर बोट ठेवणारे पुढारी होते, पण दाद मागायला कायदा नव्हता. आज कायदा आहे. तो कोणता आणि कुठवर पोचतो, हे आपल्याला माहीत हवे.

संविधानाचा पाया

संविधानाचे कलम १६ सांगते, की सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी मिळेल आणि धर्म, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून कोणाला डावलता येणार नाही. हे कलम शासनाला बांधते. खाजगी शेठजीला ते थेट लागू होत नाही, हे मनात स्पष्ट असू द्या. कलम १७ ने मात्र अस्पृश्यता नष्ट केली, आणि हे कलम सर्वांना लागू आहे. मालक असो, मुकादम असो की शेजारच्या मशीनवरचा सोबती असो. कलम २३ वेठबिगारीला मनाई करते. कलम ३९ स्त्री-पुरुषांना समान कामाला समान वेतन मिळावे, असे शासनाला धोरण घालून देते.

कलम १७ च्या पाठोपाठ १९५५ साली कायदा झाला. आज त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही धंदा, व्यवसाय किंवा नोकरी करण्यास आडकाठी करणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने आणि दंड. या कायद्यात एक मोठी सोय आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झाले, असे कोर्ट धरून चालते. तसे नव्हते, हे आरोपीने सिद्ध करायचे असते.

‘मोरी तुंबली की मलाच हाक’ हा प्रश्न तर थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. तुरुंगांत झाडलोट एका जातीच्या कैद्यांना आणि स्वयंपाक दुसऱ्या जातीच्या कैद्यांना, अशी वाटणी अनेक राज्यांच्या नियमावलीत होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने ही वाटणी घटनाबाह्य ठरवली. जात पाहून कामे वाटणे हीच अस्पृश्यता, हे त्या निकालाचे सार. निकाल तुरुंगाचा आहे. पण कैद्याला जात पाहून झाडू देता येत नसेल, तर कामगाराला कसा देता येईल?

अ‍ॅट्रॉसिटी कायदा कामाच्या जागी

अ‍ॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. खून, जाळपोळ, बलात्कार झाला तरच हा कायदा, असा आपल्यातल्या अनेकांचा समज आहे. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, त्यात नोकरी-धंद्याचा स्पष्ट उल्लेख आला. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला धंदा, व्यवसाय किंवा नोकरी करण्यास अडथळा आणणे हा गुन्हा आहे. सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे, बहिष्काराची धमकी देणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. ‘मला त्याची जात ठाऊक नव्हती’ ही पळवाटही अरुंद झाली. आरोपी त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना ओळखत असेल, तर त्याला जात ठाऊक होती असेच कोर्ट मानते.

‘तुम्ही तर बौद्ध झालात, मग तुम्हाला हा कायदा कसा?’ असा टोमणा ऐकू आला तर गप्प बसू नका. १९९० साली केंद्राने कायदा दुरुस्त केला, तेव्हापासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांचा दर्जा देशभर मान्य आहे. जातीचे प्रमाणपत्र मात्र घरात नीट ठेवलेले असावे.

आता कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण अर्धवट सांगणे म्हणजे फसवणे. जातीवरून अपमान किंवा शिवीगाळ ही ‘सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ झाली असेल तरच त्या कलमाखाली गुन्हा होतो. ३१ जानेवारी २०२५ रोजी तमिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. महसूल खात्यातल्या एका कर्मचाऱ्याला त्याच्याच कचेरीत जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार होती. पण घटना चार भिंतींत झाली, सहकारी नंतर आले, म्हणून खटला रद्द झाला. यातून धडा काय घ्यायचा? साहेब केबिनमध्ये जातीवरून बोलले, तर वाद घालत एकटे तेथे थांबू नका. बाहेर या, लगेच दोन सहकाऱ्यांना सांगा आणि त्याच दिवशी वरिष्ठांकडे लेखी द्या. एवढ्याने शिवीचा गुन्हा सिद्ध होईलच असे नाही. पण पुढे बदली झाली, बढती अडली, काम काढून घेतले, तर त्याची सुरुवात कुठून झाली हे दाखवणारा पहिला कागद तयार होतो.

कराडचा गोपनीय अहवाल

२ एप्रिल २०१८ चा भारत बंद सर्वांना आठवतो. अ‍ॅट्रॉसिटी कायदा बोथट करणाऱ्या निकालाविरुद्ध तो होता. पण तो निकाल आपल्याच महाराष्ट्रातल्या एका नोकरीच्या तक्रारीतून निघाला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयात अनुसूचित जातीचा एक भांडारपाल होता. वरिष्ठांनी त्याच्या गोपनीय अहवालात सचोटी आणि चारित्र्य चांगले नसल्याचा शेरा मारला. त्याने जानेवारी २००६ मध्ये गुन्हा नोंदवला. आरोपी सरकारी अधिकारी, म्हणून खटल्याला मंजुरी हवी. ती २०११ साली नाकारली गेली. मग २०१६ मध्ये त्याने मंजुरी नाकारणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध, सुभाष काशिनाथ महाजन यांच्याविरुद्ध, तक्रार केली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २० मार्च २०१८ रोजी न्यायालयाने खटला रद्द केला, आणि त्याचबरोबर सर्वच प्रकरणांसाठी अटी घातल्या. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल, अटकेला आधी परवानगी लागेल, अशा त्या अटी होत्या.

देश पेटून उठला. बंदमध्ये लोकांचे जीव गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात १८-अ हे कलम घातले. गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही, अटकेला कोणाच्या परवानगीची गरज नाही. १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने आपल्या अटी मागे घेतल्या आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी कलम १८-अ वैध ठरवले. आज हीच स्थिती आहे. ठाणेदार म्हणाला, ‘आधी चौकशी करू, मग बघू,’ तर त्याला हे कलम दाखवा. जाणूनबुजून कर्तव्य टाळणाऱ्या सरकारी नोकरालाही या कायद्यात शिक्षा आहे.

पण कराडचा आणखी एक धडा आहे, आणि कारकून म्हणून आम्हाला तो जास्त मोलाचा वाटतो. वाईट शेऱ्याचा फौजदारी खटला चालवणे अवघड असते. शेऱ्यालाच आव्हान देणे त्या मानाने सोपे असते. २००८ साली देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. २००९ पासून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला अहवाल मिळाल्यावर पंधरा दिवसांत लेखी म्हणणे मांडता येते. हे पंधरा दिवस आपले लोक ‘साहेब नाराज होतील’ म्हणून घालवतात. पुढे बढतीची यादी लागते तेव्हा तोच शेरा आडवा येतो. शेरा आला की उत्तर द्यावे. कामाचे आकडे द्यावेत, मिळालेली शाबासकीची पत्रे जोडावीत, पोच घ्यावी.

दाद मिळाली नाही तर केंद्राच्या कर्मचाऱ्याला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आणि राज्याच्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. तेथे साधारणपणे वर्षाच्या आत जावे लागते. सरकारी सेवेतल्या भेदभावाची तक्रार राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडेही करता येते. आयोगाला साक्षीदार आणि कागदपत्रे बोलावण्याचे अधिकार आहेत.

खाजगी कारखाना आणि ठेकेदार

येथे खरे बोलावे लागेल. खाजगी मालकाने भरती करतानाच आडनाव पाहून अर्ज बाजूला टाकला, तर त्याला सरळ पकडणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. पण कामावर असलेला माणूस अगदीच उघडा नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि औद्योगिक विवाद कायदा, समान वेतन कायदा ही जुनी नावे इतिहासात गेली. औद्योगिक संबंध संहितेत अनुचित कामगार प्रथांची यादी आहे. गुणवत्ता न पाहता एका गटाच्या कामगारांवर मर्जी दाखवणे, सूडबुद्धीने कामावरून काढणे, पर्मनंटचे हक्क द्यावे लागू नयेत म्हणून वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवणे, हे सारे त्या यादीत आहे. ‘आपला तो बाब्या’ हा कारभार कायद्याला मान्य नाही, असा याचा सरळ अर्थ. वीस किंवा जास्त कामगार असतील तेथे तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींइतकेच असले पाहिजेत. तिच्याकडे वर्षाच्या आत अर्ज करावा. कामावरून काढले असेल तर समेट अधिकाऱ्याकडे दोन वर्षांच्या आत जावे. वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते.

आयाबहिणींसाठी

वेतन संहितेप्रमाणे एकाच मालकाकडे सारख्या कामाला बाईला कमी आणि पुरुषाला जास्त मजुरी देता येत नाही. ‘बाई आहे म्हणून’ हे कारणच बेकायदा आहे.

कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. त्याचे मूळ राजस्थानातल्या भंवरीदेवी या साथिणीच्या लढ्यात आहे. तिच्यावरच्या अत्याचारानंतर १९९७ साली विशाखा निकाल आला. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान जागेसाठी आणि घरकाम करणाऱ्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. मुलीने घरी येऊन असे काही सांगितले, तर ‘उद्यापासून जाऊ नकोस’ हे पहिले वाक्य नसावे. पहिले वाक्य ‘तारीख कोणती होती, बाळ?’ हे असावे.

बाळंतपणाच्या रजेत बाईला कामावरून काढणे बेकायदा आहे, हेही घरोघरी ठाऊक हवे.

कागद कसा करावा

आम्ही वीस वर्षे आवक-जावक रजिस्टर सांभाळले. अन्याय कितीही खरा असो, ज्याची नोंद नाही तो फायलीत नसतो, आणि जो फायलीत नाही तो साहेबापुढे आणि कोर्टापुढे झालेलाच नसतो. काही वर्षांपूर्वी ठेकेदाराकडे झाडलोट करणारी एक बाई आमच्याकडे आली. सारख्याच कामाला तिला पुरुषांपेक्षा कमी मजुरी मिळत होती. शिक्षण चौथीपर्यंत. पण घरच्या कॅलेंडरवर कामाच्या प्रत्येक दिवसाखाली तिने मिळालेले पैसे लिहून ठेवले होते. त्या कॅलेंडरवरून आम्ही अर्ज तयार केला, कामगार अधिकाऱ्याने ठेकेदाराला बोलावले, आणि फरकाची रक्कम तिच्या हातात आली. वकिलाची गरजही पडली नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी. घरात एक वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, काय घडले, कोण हजर होते, एवढे त्याच दिवशी लिहा. अर्ज नेहमी दोन प्रतींत करा आणि एकीवर शिक्का-सहीची पोच घ्या. पोच देत नसतील तर पोस्टाने रजिस्टर एडी करा. पगाराची चिठ्ठी, हजेरी कार्ड, गेटपास, नेमणुकीचे पत्र फेकू नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. अर्जात शिव्याशाप, मोठी भाषणे नकोत. काय झाले आणि काय हवे, एवढेच लिहा. आणि एकट्याने जाऊ नका. युनियनचा, संघटनेचा किंवा वस्तीतला एक माणूस सोबत असू द्या. मात्र खोटी तक्रार कधीही करू नका. एक खोटी तक्रार दहा खऱ्या तक्रारींची वाट अडवते.

अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार ठाण्यात घेतली नाही, तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती असते, समाजकल्याण खात्याचे सहायक आयुक्त असतात, त्यांनाही प्रत द्या. अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६ हा मदतीचा क्रमांक आहे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे किंवा १५१०० वर फोन करावा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी म्हण आहे. ज्यांच्या घरी वतने आणि वाडे होते त्यांना ती परवडली. आपल्याला जे मिळाले ते पायऱ्या चढूनच मिळाले, मग ते तळे असो की कोर्ट. १९२८ च्या गिरणी कामगाराजवळ साचा खात्यातली बंदी मोडायला एकही कलम नव्हते. आपल्याजवळ कलमे आहेत. वही आणि पेन तेवढे आपण आणायचे आहे. दहावी-बारावीला असलेल्या मुलाला किंवा मुलीला आजच बसवा, आई-बाबांच्या कामाच्या ठिकाणाची पहिली नोंद तिच्या हातची होऊ द्या. शिकलेल्या लेकराचा घराला याहून चांगला उपयोग कोणता?